गाळवाले डॉक्टर

गाळवाले डॉक्टर भाव करत नसत. यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये ज्यानं दुकान चालवलंय त्याला विचारा. इथं भाव न करणारं गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी त्याच्यामागे पोलीस उभा आहे का ते बघतो. मी जुने स्पीकर, हेडफोन आणि वायरी विकत मोठा झालो. फुटपाथवर चादर टाकून सुरुवात केली आणि आज स्वतःचं शटर आहे. यातलं काहीही मला कुणी पहिल्या शब्दात दिलेलं नाही. डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा मी तोंडाला येईल तो भाव सांगितला आणि त्यांनी सरळ खिशात हात घातला. मला अपमान झाल्यासारखं वाटलं.

"अहो, थोडं कमी करा म्हणा की," मीच म्हटलं.

"कशाला? तुम्ही खोटा भाव सांगितला असेल, तर कमी करूनही तो खोटाच राहील."

त्यांचं मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. पुढे या माणसानं माझ्या घराचं जे केलं, ते याच स्वभावापायी केलं. त्यांना जाऊन आता बरेच महिने झाले, पण माझा राग अजून उतरलेला नाही. आणि ज्याच्यावर इतका राग आहे त्या माणसाची आठवण रोज दुकान उघडताना का येते, हेही मला नीट सांगता येत नाही. त्यांचं खरं नाव इथं लिहीत नाही. बाजारात ते कुणाला ठाऊकही नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी काउंटरवर एक लांब दांडा ठेवला होता. त्याच्या टोकाला ताटाएवढं गोल वेटोळं होतं आणि मुठीपाशी एक डबी. डबीतून निघालेली वायर हेडफोनला जात होती, आणि ती जोडाजवळ कुजली होती. शेजारच्या दुकानातला सिंधी म्हातारा उठून बघायला आला. "साईं, बम ढूंढते हो क्या?" त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नाही, नदीत धातू शोधतो. पाण्याखाली चालतं हे. पुतण्यानं परदेशातून आणलंय." म्हाताऱ्यानं विचारलं, सोना मिलता है? डॉक्टर म्हणाले, "खिळे मिळतात." म्हातारा त्यांच्याकडे दया आल्यासारखा बघत परत गेला. मी जोड कापून नवी वायर टाकली, त्यावर जाड नळी चढवली आणि दोन्ही टोकं सिलिकॉननं बंद केली. पुढच्या आठवड्यात ते फक्त एवढं सांगायला आले की पाणी आत गेलं नाही. त्यानंतर दर आठवड्याला चहाला यायला लागले. चिखलाचा वास त्यांच्या स्कूटरलासुद्धा येत असे, म्हणून बाजारानं त्यांना गाळवाले डॉक्टर केलं.

ते दातांचे डॉक्टर होते. अंबरनाथ पूर्वेला त्यांचा चांगला चालणारा दवाखाना होता. हाताला कंप सुटला तसा त्यांनी एका सकाळी तो बंद केला. "थरथरता हात दुसऱ्याच्या तोंडात घालू नये. नदीला चालतो," असं म्हणायचे. दवाखान्यातली बारीक हत्यारं मात्र त्यांनी विकली नव्हती. पाण्यातून काही मिळालं की ते स्टीलच्या ट्रेमध्ये मांडून दात साफ करावेत तसे बसायचे. आधी मऊ ब्रश, मग आकडी, मग छोटा आरसा घालून मागची बाजू. तो जुना नट असला तरी तेवढ्याच मन लावून. घरी वहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्यांना अंगणातल्या नळाखाली अंघोळ केल्याशिवाय आत घेत नसत. एकदा माझ्यादेखत त्या म्हणाल्या, "भावोजी, चाळीस वर्षं लोकांच्या तोंडाचा वास आणला, आता गटाराचा आणतात. मी आपली नाक घेऊन तिथंच." डॉक्टर अंगाला साबण लावत म्हणाले, "बदल हवा असतो माणसाला."

त्यांचा एक नियम होता. पाण्यात मिळालेल्या प्रत्येक वस्तूबद्दल ते आधी ठरवायचे, ही टाकलेली आहे की हरवलेली. हरवलेली असेल तर मालक शोधून द्यायची. टाकलेली असेल तर जिथून उचलली तिथंच परत ठेवायची. घाटाजवळच्या गाळात दहाव्याच्या विधीत बायकांनी सोडलेली जोडवी आणि काळे मणी भरपूर मिळत. त्यातलं सोनं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. "डॉक्टर, हे आता कुणाचंच नाही," मी म्हटलं. ते म्हणाले, "कुणाचंच नाही म्हणूनच. ज्या बाईनं हे सोडलं तिनं ते परत कुणाच्या हातात जाईल म्हणून सोडलं नाही." आणि खरंच, नीट बघून झालं की पुन्हा बुडी मारून ते खाली ठेवून यायचे. वर उभ्या उभ्या मनातल्या मनात वजन करणारा मी गाढव ठरायचो.

हरवलेलं परत देण्यातही त्यांना सुख मिळालं असं नाही. कॅम्प पाचमधल्या एका घरानं गणपतीच्या गळ्यातली सोन्याची साखळी काढायची विसरून मूर्ती बुडवली. असं दरवर्षी होतं. आरतीच्या गडबडीत प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्यानं काढली. डॉक्टर चार दिवस शोधत होते. साखळी मिळाली तेव्हा मीच त्यांच्याबरोबर द्यायला गेलो. घरातल्या कर्त्या माणसानं ती तळहातावर घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "और दूसरी?"

"एकच मिळाली," डॉक्टर म्हणाले.

"दो थी, अंकल. मम्मी ने दो डाली थी."

आतून मम्मी म्हणाल्या की एकच होती बहुतेक. पण मुलाचा चेहरा बदलला नाही. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळी बिल्डिंग गॅलरीत आली होती. डॉक्टर मात्र चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "दुसरी दिसली तर आणून देईन." आणि पुढचे कितीतरी दिवस ते तिथं पुन्हा उतरले. मी विचारलं, तो तुम्हाला चोर म्हणाला आणि तुम्ही त्याच्यासाठी शोधताय? ते म्हणाले, "नसेल तर नाही म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी बघावं लागतं."

आता पक्याबद्दल लिहितो.

पक्या माझा धाकटा भाऊ. आमचं घर बदलापूरजवळ, जांभूळच्या अलीकडे, नदीकाठी. आम्ही आगरी. थोडी शेती होती, आता त्यातली निम्मी बिल्डरांकडे गेली. पक्या घरी राहायचा. शेत आणि आई बघायचा. मी दुकान बघायचो. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. बायकोचं नाव सुनिता. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला नदी फुगलेली होती. पक्यानं पाटावर गणपती घेतला आणि छातीभर पाण्यात गेला. मी काठावर ताशावाल्यांशी बिदागीवरून भांडत होतो. लोक ओरडले म्हणून वळून पाहिलं. रिकामा पाट वर आला होता. पक्या आला नाही.

शोधपथक आलं, गळ टाकले, होड्या फिरवल्या. काही मिळालं नाही. पाण्यानं ओढून खाली नेला असेल, खाडीला लागला असेल, असं म्हणून ते गेले. मग तोंडं सुटली. कुणी म्हणे पक्या पनवेलला ट्रकवर दिसला. कुणी म्हणे माझ्याशी जमिनीवरून पटत नव्हतं म्हणून मुद्दाम गेला. आईनं यातलं हवं ते उचललं. तिनं सांगून टाकलं, "मना ठाव हाय, माजा पोर हाय कुठंतरी. मेलाय म्हनायचं त माज्या हातात कायतरी आणून द्या." मग तिनं स्वतःच ते काय ते सांगितलं. पक्याच्या कंबरेला आमच्या बापाचा चांदीचा करदोडा होता. आमच्यात तो जिवंत माणसाच्या कंबरेवरून काढत नाहीत, मेल्यावरच उतरवतात. "करदोडा हातात आला त मी मानीन," आई म्हणाली.

आणि तोपर्यंत सुनितानं कुंकू लावायचं, मंगळसूत्र घालायचं, सणाला नवऱ्याच्या नावानं उखाणाही घ्यायचा. चोवीस-पंचवीसची पोर. माहेरचे न्यायला आले की आई दारात बसायची. नवरा असलेली बाई माहेरी कशाला ठेवता, म्हणायची. सरकारी कागदावर पक्या बेपत्ता होता. घरात तो जिवंत होता. रोज त्याचं ताट वाढायचं आणि सुनितानं त्याला पाणी फिरवून ते गाईला घालायचं. हे मला बघवत नव्हतं. यात माझाही स्वार्थ होता, लपवत नाही. जमिनीचा प्रत्येक कागद पक्याच्या सहीपाशी येऊन अडत होता. पण स्वार्थ असला म्हणून बाकीचं खोटं होत नाही.

मी डॉक्टरांना घरी घेऊन गेलो. त्यांनी आईसमोर ओट्यावर बसून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "आजी, मिळण्याची शक्यता कमी आहे. पण जिथं बघितलं तिथं नाही, एवढं मी नक्की सांगू शकेन." आईला हे आवडलं. घरात येणारा प्रत्येक माणूस तिला एक तर मिळेल म्हणत होता, नाही तर विसर म्हणत होता.

त्यांची शोधायची रीत अशी होती. पावसाळा सरला आणि पाणी उतरलं की काठावर दोन खुणा करायच्या. एका खुणेपासून पलीकडच्या काठापर्यंत दोर टाकायचा आणि त्या दोराच्या कडेकडेनं तळ बघत जायचं. कंबरेला शिशाचं वजन, पाठीवर हवेची टाकी, आणि स्वतःला बांधलेली दुसरी दोरी काठावर कुणीतरी धरलेली. एवढा पट्टा झाला की खूण हातभर पुढे. घाटापासून सुरुवात केली होती. शेवट खाली पाणी योजनेच्या बंधाऱ्यापाशी होणार होता. बघून झालेल्या जागेच्या खुणेसाठी ते फडकं मागायला आले, तेव्हा आईनं स्वतःचं जुनं लुगडं फाडून पट्ट्या करून दिल्या. काठावरच्या झुडपांना एकेक पट्टी लागत गेली. पाण्याखाली ते डोळे मिटून घ्यायचे. मी कारण विचारलं. "उघडे ठेवले तरी दिसत काही नाही. आणि दिसत नसलं की मन काहीही बघतं. त्यापेक्षा कानावर राहावं."

कानात मात्र सतत आवाज व्हायचे. तळाशी वर्षानुवर्षांच्या मूर्तींच्या तारा होत्या. पाटांचे खिळे, बिल्ले, नाणी, बाटल्यांची बुचं. प्रत्येक आवाजाला थांबून हातानं गाळ उकरायचा. दिवसभर काम केलं तर खोलीभर जागा व्हायची. संध्याकाळी ते ओले घरी यायचे आणि आई ओट्यावरच विचारायची, "डाक्टर, मिलाला का?"

"आज नाही, आजी."

मग आई त्यांना भाकरी आणि सुकटाची चटणी वाढायची. जन्माचा शाकाहारी माणूस, पण त्यानं ती कधी परत केली नाही. बाजूला सारून कांद्याबरोबर भाकरी खायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना एक माणूस मिळाला. दगडांच्या बेचक्यात होता, पट्ट्याच्या बक्कलानं आवाज दिला म्हणून कळला. आईला वाटेतच कुणीतरी सांगितलं. ती अनवाणी घाटावर आली. डॉक्टर तिच्या आडवे उभे राहिले. "आजी, पक्या नाही."

"तुना काय ठाव?"

"पुढचा दात. पक्याचा क्रिकेटमध्ये तुटला होता ना? याचे सगळे आहेत."

आई खाली बसली. तिला बरं वाटलं की वाईट, ते तिच्या तोंडावरून मला कळलं नाही. तो कुठल्यातरी कारखान्यातला परप्रांतीय मजूर निघाला. कुणी न्यायला आलं नाही. पोलिसांनी उरकलं तेव्हा स्मशानात डॉक्टर एकटे उभे होते. दुसऱ्या दिवशी दुकानात आले, चहा अर्धा ठेवला आणि म्हणाले, "मी छंद म्हणून सुरू केलं होतं, शेठ. खिळे मिळायचे ते बरं होतं."

तिसऱ्या वर्षी मला पुरे झालं. सुनिता वाळत चालली होती. आई दर संध्याकाळी 'आज नाही' यातला 'आज' तेवढा ऐकत होती. तो माणूस प्रामाणिकपणे माझ्या आईला दर आठवड्याला नवी आशा विकत होता. मी व्यवहारी माणूस आहे. ज्याची गरज आहे ती वस्तू मिळत नसेल तर करून घ्यावी लागते. मी ओळखीच्या सोनाराकडून चांदीचा करदोडा घडवून घेतला. आमच्या बापाचा कसा होता ते मला तोंडपाठ होतं. पावसाळ्यात तो नाल्याच्या गाळात पुरून ठेवला. आमच्याकडच्या नाल्याचं पाणी चांदीला लवकर काळं करतं. मग तो रुमालात बांधून मी डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी रुमाल उघडला, बघितला आणि परत बांधला.

"नुसतं मिळाला म्हणायचं," मी म्हटलं. "माझ्या आईला दोन दिवस रडू दे. त्यानंतर दोन बायका सुटतील."

"आणि उद्या खरा मिळाला तर मी काय करू?"

"परत खाली ठेवा. तुमचा नियम आहेच."

"तो नियम टाकलेल्याचा आहे. पक्याला कुणी टाकलेलं नाही."

"डॉक्टर, तुम्हाला तुमचं खरं प्यारं आहे, पण त्याचं भाडं माझं घर भरतंय."

त्यांनी हात मांडीखाली दाबला. मग विचारलं, "सुनिताला विचारलंत?"

"घरातल्या बायकांना विचारून असली कामं होत नाहीत."

"मग मला कशाला विचारताय?" असं म्हणून त्यांनी रुमाल माझ्याकडे सरकवला.

मी ते काम त्यांच्यावाचून केलं. गावात बाळ्या म्हणून एक जण आहे. विसर्जनानंतर पाण्यात उतरून पाट गोळा करतो. त्याला पढवलं. रविवारी सकाळी चार नातेवाइकांसमोर तो घाटापाशी बुडी मारून करदोडा घेऊन वर आला. आईच्या हातात दिला. मला वाटलं आता ती हंबरडा फोडेल. तिनं तो मुठीत धरला आणि म्हणाली, "डाक्टरला बोलव."

"कशाला, आये? मिळाला ना?"

"डाक्टर त्या जागेवर बघून गेलेला. त्याला नाय मिलाला, बाल्याला मिलाला. डाक्टरला बोलव."

स्कूटरवरून डॉक्टर आले तेव्हा ओटा माणसांनी भरला होता. आईनं करदोडा त्यांच्या हातावर ठेवला. "पक्याचा म्हनून सांगत्यात. नदीतला हाय का?" मी आईच्या पाठीमागे उभा होतो. मी आजवर गिऱ्हाइकापुढे, पोलिसापुढे, बिल्डरपुढे कधी हात जोडले नाहीत. त्या दिवशी आईच्या पाठीमागून त्या माणसाला जोडले. त्यांनी ते पाहिले. नंतर त्यांनी दारात उभ्या असलेल्या सुनिताकडे पाहिलं. नखानं एक कडी उलटी केली.

"आजी, हा नदीत राहिलेला नाही. कड्यांच्या आत अजून सोनाराची झिलई आहे."

आईनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. करदोडा पदरात घेतला, उठली आणि सुनिताला म्हणाली, "चूल पेटव." सुनितानं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, तिची सुटका हुकली म्हणून. मी डॉक्टरांचा दंड धरून त्यांना ओट्यावरून खाली आणलं. ते पायरीवर अडखळले. "पुन्हा या दारात दिसायचं नाही," मी म्हटलं. बाकीही पुष्कळ म्हटलं. ते स्कूटर सुरू करत होते आणि ती सुरू होत नव्हती, तोपर्यंत मी म्हणतच होतो.

मी चुकलो असं मला तेव्हा वाटलं नाही, आत्ताही वाटत नाही. एक शब्द बोलायचा होता. सगळ्या जगात तो फक्त त्यांच्या तोंडून चालला असता, आणि तो त्यांनी दिला नाही.

ते दुकानात यायचे बंद झाले. शेजारचा म्हातारा विचारायचा, "कीचड अंकल किधर गये?" मी म्हणायचो, मरू दे. हिवाळ्यात पुलावरून जाताना खाली काठावर लुगड्याच्या पट्ट्या दिसायच्या. दरवर्षी त्या पुढे सरकलेल्या असायच्या. एकदोनदा पाण्याजवळ त्यांची स्कूटरही दिसली. मी बाइक थांबवली नाही. आईनं पट्ट्या देणं बंद केलं नव्हतं. त्या कुणाच्या हातून जात होत्या, आणि सुनिताला ती हल्ली मधूनमधून दिवसभर माहेरी कशी जाऊ देते, याचा मी विचार केला नाही.

मागच्या पावसाळ्याआधी त्यांना ताप आला. डोळे पिवळे झाले, मूत्रपिंडं गेली. साठलेल्या पाण्यातून येतो तो ताप, असं दवाखान्यात म्हणाले. आठवड्यात माणूस संपला. मला बाजारात कळलं तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. मी भेटायला गेलो तो सुतकातल्या घरी बसायची रीत म्हणून. वहिनींनी चहा दिला. मग त्या म्हणाल्या, "तुमची सुनिता येऊन गेली. फार रडली. तिला म्हटलं, तू होतीस म्हणून तो माणूस इतकी वर्षं पाण्यातून वर यायचा."

"सुनिता?"

"दोरीवर तीच असायची की. तुम्हाला ठाऊक नाही?"

मी घरी येऊन चपलांसकट स्वयंपाकघरात शिरलो. "तू माहेरी म्हणून जायचीस, ती नदीवर?" सुनिता भाकरी थापत होती. तिनं तवा खाली उतरवला.

"आईंना ठाव होतं," ती म्हणाली.

"मला का नाय सांगितलं?"

"तुम्ही करदोडा केलात तेव्हा मला सांगितलं? मी विधवा व्हायला तयार होते, भावजी. पहिल्या महिन्यातच तयार होते. पण मला कुणी फसवून करायचं नाय. उद्या तो दारात येऊन उभा राहिला असता, तर मी कोण असते?"

मी म्हटलं, तो येणार नाही, हे तुलाही कळतंय.

"कळतंय. म्हणून तर शोधत होतो." मग ती पुन्हा परातीशी बसली. "बंधाऱ्यापाशी एक पट्टा राहिलाय. डॉक्टरांनी आईंना शब्द दिलेला, बंधारा लागला की सांगतो म्हणून. त्यांनी मला खाली उतरायला शिकवलंय. यंत्र वहिनी देणार आहेत. दोरी धरायला माणूस पाहिजे."

दिवाळी झाल्यावर पाणी उतरलं. आई येणार म्हणाली, तिला खुर्चीत बसवून काठावर नेलं. सुनितानं वहिनींच्या देखत सगळं अंगावर चढवलं. डॉक्टरांचं जॅकेट तिला ढगळ होत होतं. तिनं मला खुणा सांगितल्या. एक ओढ म्हणजे ठीक, लागोपाठ ओढी म्हणजे ओढून घ्या. "मध्ये मध्ये ओढून विचारत बसू नका," ती म्हणाली, "डॉक्टर चिडायचे." मग ती खाली गेली.

मला वाटलं होतं, दोरी धरणं म्हणजे उभं राहणं. तसं नसतं. दोरी सुटत जाते, थांबते, जरा मागे येते. ती थांबली की खाली काहीतरी वाजलंय, हात गाळात गेलाय, हे कळतं. मग दोरी पुन्हा पुढे जायची. टाकी बदलायला ती वर यायची, मूठ उघडून ट्रेमध्ये ठेवायची. खिळे. तार. कुणाचीतरी किल्ली. आई मान पुढे काढून बघायची. असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी दुपारी ती बंधाऱ्याच्या भिंतीपर्यंत गेली, भिंतीला हात लावून परत आली.

काठावर बसून तिनं आधी श्वास घेतला. मग आईच्या खुर्चीजवळ सरकली. "आई, झालं. भिंत लागली. आता बघायला जागा नाय."

"मिलाला नाय?"

"नाय."

"कुठंच?"

"घाटापासून इथवर कुठंच नाय."

आई काठानं वर घाटाकडे बघत राहिली. तिची अर्धी लुगडी तिथं झुडपांवर होती, उन्हानं पांढरी पडलेली. मग ती मला म्हणाली, "भटाला सांग."

शरीर मिळालं नाही की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. इतकी वर्षं झाली, आता हरकत नाही, असं भटजी म्हणाले. थोरला भाऊ म्हणून विधी माझ्या हातून व्हायचा होता. घाटावर उन्हात पुतळा जळायला फार वेळ लागला नाही. सुनितानं मंगळसूत्र काढून आईच्या हातात दिलं. आईनं ते नदीत सोडलं नाही. तिच्या बापानं घातलेलं आहे, तिचं तिच्याकडं राहू दे, म्हणाली. सुनिताचे आईवडील वरच्या पायरीवर तिची पिशवी घेऊन उभे होते.

भटजींनी माझ्या ओंजळीत तीळ आणि पाणी घातलं. मी पक्याच्या नावानं पाणी सोडलं. बापाच्या, आज्याच्या नावानं सोडलं. भटजी आवरायला लागले तशी आई म्हणाली, "डाक्टरला पन दे."

मी ऐकलं नसल्यासारखं केलं. आई पुन्हा म्हणाली, "डाक्टरला दे."

भटजींनी नाव विचारलं. नाव मी सांगितलं. त्यांनी गोत्र विचारलं. मला ठाऊक नव्हतं. सुनितालाही नव्हतं. ज्याचं गोत्र कळत नाही त्याला काश्यप म्हणतात, असं भटजींनी सांगितलं आणि माझ्या ओंजळीत परत पाणी घातलं. मला त्या माणसाशी अजून भांडायचं होतं. तीन वर्षं माझ्याजवळ बोलायचं साठलं होतं, आणि त्याचं उत्तर देणारा कुणी उरला नव्हता. भटजी नाव घेऊन थांबले. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. बोटांतून पाणी आपोआप गळायला लागलं होतं. ते सगळं गळून जायच्या आत मी ओंजळ कलती केली.